दगडावरच्या आकड्याला नाव मिळावे म्हणून: युद्ध-इतिहास संग्रहालयात व्याख्यान आणि जिवंत प्रात्यक्षिक कसे भरवावे

सातारा जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत चावडीच्या भिंतीत किंवा देवळाच्या आवारात एक दगडी पाटी असते. या गावातून इतके लोक १९१४-१९ च्या महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतके कामी आले, एवढाच तिचा मजकूर. आकडे असतात, नावे नसतात. अपशिंगे (मिलिटरी) गावाने त्या युद्धात ४६ जवान गमावले. हा आकडा जिल्ह्यात पुष्कळांना ठाऊक आहे, पण त्या ४६ पैकी एकाचे तरी नाव, पलटण आणि मरणाचे ठिकाण सांगू शकणारे फार थोडे. युद्ध-इतिहासाच्या संग्रहालयाने भरवलेला कार्यक्रम ही उणीव भरून काढण्यासाठी असावा. विषय, वक्ता, वस्तू, पोशाख या सगळ्यांची निवड त्यावरूनच करावी.

विषय आणि तारीख

‘मराठ्यांची शौर्यगाथा’ असा विषय घेतला तर वक्ता शिवकाळापासून कारगिलपर्यंत धावतो आणि श्रोत्यांच्या हाती काही लागत नाही. त्याऐवजी एक मोहीम आणि एक तालुका घ्यावा. उदाहरणार्थ, ‘कुतच्या वेढ्यातले कोरेगाव तालुक्याचे शिपाई’. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत-अल-अमारा येथे ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात सहावी ‘पूना डिव्हिजन’ तुर्कांच्या वेढ्यात अडकली होती. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या. साताऱ्याच्या श्रोत्याला याहून जवळचा परदेशी रणसंग्राम सापडणे अवघड.

७ डिसेंबर हाच आपला सशस्त्र सेना ध्वजदिन. पाऊस संपलेला असतो आणि गावोगावच्या यात्रा अजून सुरू झालेल्या नसतात, त्यामुळे हा आठवडा सर्वांत सोयीचा. जून ते सप्टेंबर मैदानी प्रात्यक्षिक ठेवू नये. दुपारी ऊन असले तरी साताऱ्याची हवा दमट असते, आणि पेटीबाहेर काढलेले पोलाद दोन-तीन दिवसांत गंज धरते.

नावे शोधण्याचे काम आठ आठवडे आधी

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची, म्हणजे दोन्ही महायुद्धांत मेलेल्या ब्रिटिश साम्राज्याच्या सैनिकांच्या कबरी आणि नावे सांभाळणाऱ्या संस्थेची, नोंद संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. पहिल्या महायुद्धासाठी तिच्यात ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळातले मृत्यू आहेत. मेसोपोटेमियात कामी आलेल्यांसाठी बसऱ्याला जे स्मारक आहे, त्यावर हिंदी शिपायांची नावे कोरलेली नाहीत. तिथेही अधिकाऱ्यांची नावे आणि बाकीच्यांची केवळ संख्या आहे. नोंदवहीत मात्र नावे आहेत. अनेक नोंदींत वडिलांचे नाव, गाव आणि जिल्हाही मिळतो.

शोधताना लोक अडखळतात ते दोन ठिकाणी. पहिले, स्पेलिंग. नाव लिहून घेणारा कारकून कानाला ऐकू येईल तसे लिहीत असे, म्हणून जाधव, शिंदे, घाडगे यांचे प्रत्येकी चार-पाच प्रकार करून पाहावेत, आणि ‘मराठा’ हा शब्दही जुन्या पद्धतीने, मध्ये ‘एच’ घालून टाकावा. दुसरे, जिल्हा. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. त्यामुळे आज सांगलीकर असलेल्या घराचा पणजोबा नोंदीत सातारकर म्हणून सापडतो. गावाच्या नावाने शोध लागला नाही तर पलटणीच्या नावाने पूर्ण यादी उतरवून घ्यावी आणि मग एकेक गाव पाहावे. वेळखाऊ काम आहे, पण कार्यक्रमाचा पाया तोच.

गावच्या पाटीचा फोटो दुपारी काढला तर अक्षरे सपाट दिसतात. संध्याकाळी अंधार पडताना बॅटरी बाजूने, दगडाला जवळजवळ चिकटवून धरावी. कोरलेल्या अक्षरांची सावली पडते आणि झिजलेला आकडाही वाचता येतो. पाटी साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवावी. ॲसिड, तारेचा ब्रश आणि अक्षरांत भरलेला ऑइलपेंट या तीन गोष्टींनी पाट्यांचे जेवढे नुकसान होते तेवढे शंभर पावसाळ्यांनी होत नाही.

व्याख्यान

वक्त्याला सहा आठवडे आधी पत्र द्यावे. त्यात विषय, वेळ (५० मिनिटे, वर २० मिनिटे प्रश्नोत्तरे) आणि श्रोते कोण असतील हे लिहावे. त्याच पत्रात विनंती करावी की बोलण्यातले मुख्य दाखले कोणत्या कागदावरून घेतले ते आधी कळवावे. बखर, पलटणीची रोजनिशी, सरकारी तार आणि घरातली ऐकीव गोष्ट यांचे वजन सारखे नसते. ऐकीव गोष्ट सांगायला हरकत नाही, पण ‘असे घरात सांगतात’ हे शब्द जोडून सांगावी. सभागृहात त्याच घराण्याची माणसे बसलेली असतात, आणि चुकीचा तपशील त्यांना सर्वांत आधी टोचतो.

आपल्याकडे व्याख्यानाचा वेळ खाल्ला जातो तो दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, परिचय, सत्कार आणि मनोगत यांत. सहाची वेळ छापली की वक्ता पावणेसातला उभा राहतो, आणि साडेसातला मागच्या रांगेतली गावाकडची मंडळी शेवटच्या एसटीसाठी उठू लागतात. म्हणून प्रास्ताविक ३ मिनिटे, परिचय २ मिनिटे आणि लगेच व्याख्यान. शाल-श्रीफळ शेवटी द्यावे. व्यासपीठावर तीनच खुर्च्या ठेवाव्यात. चौथी ठेवली की तिच्यासाठी पाहुणा शोधावा लागतो.

यंत्रांच्या बाबतीत नेहमी होणारी फजिती मराठी फॉन्टची. वक्त्याच्या संगणकावर श्रीलिपीत किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेला मजकूर संग्रहालयाच्या संगणकावर अगम्य चिन्हांत उमटतो. सगळ्या स्लाइड पीडीएफ करून एक दिवस आधी मागवाव्यात आणि त्याच प्रोजेक्टरवर शेवटपर्यंत पाहून घ्याव्यात. लाइट जाणार हे धरूनच चालावे. सहा महत्त्वाची छायाचित्रे आणि एक नकाशा ए-३ आकारात छापून पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवले की व्याख्यान थांबत नाही. कॉर्डलेस माईकचे जादा सेल टेबलावरच हवेत. पत्र्याच्या छताखाली आवाज घुमतो. तिथे भिंतींना कनाती लावाव्यात आणि समोर सतरंज्या अंथराव्यात, निम्मा घुमारा जातो.

प्रश्न चिठ्ठीवर लिहून घ्यावेत. तोंडी प्रश्न घेतले तर पहिलाच माणूस दहा मिनिटे स्वतःचे भाषण करतो. चिठ्ठ्या निवडताना शाळकरी मुलांच्या आधी घ्याव्यात.

माजी सैनिकाला बोलवायचे असेल तर भाषणापेक्षा मुलाखत बरी. प्रश्न आठवडाभर आधी त्यांना दाखवावेत, आणि नको असलेला प्रश्न कारण न विचारता काढून टाकावा. तोफखान्यात नोकरी केलेल्यांना बऱ्याचदा कमी ऐकू येते. अशा वेळी मुलाखतकाराने त्यांच्या डाव्या-उजव्या ज्या कानाला बरे ऐकू येते त्या बाजूला बसावे आणि श्रोत्यांचा प्रश्न स्वतः पुन्हा सांगावा. ते बोलता बोलता थांबले तर थांबू द्यावे. ती शांतता भरून काढायची घाई करू नये.

जिवंत प्रात्यक्षिक

प्रात्यक्षिक म्हणजे लुटुपुटीची लढाई नव्हे. पडणारे, ओरडणारे शत्रू दाखवले की मुले हसतात, आणि कामी आलेल्यांच्या घरच्यांना ते सहन होत नाही. शिपायाचा रोजचा दिवस दाखवावा. अंगणात चार जागा कराव्यात, दर गटात १५ ते २० जण घ्यावेत, प्रत्येक जागी १२ मिनिटे द्यावीत आणि घंटा वाजली की गट पुढे न्यावा. तासाभरात ६० ते ८० जणांचे सगळे पाहून होते.

पहिली जागा पायाच्या पट्ट्यांची. इंग्रजीतला ‘पटी’ हा शब्द आपल्या पट्टीवरूनच गेला. लोकरी पट्टी दर पायाला साधारण अडीच ते पावणेतीन मीटर लागते. पायदळाचा शिपाई ती घोट्यापासून गुडघ्याकडे गुंडाळी आणि घोडेस्वार गुडघ्यापासून घोट्याकडे. जुन्या फोटोत बांधणीची गाठ कुठे आहे यावरून माणूस कोणत्या दलाचा ते ओळखता येते. गुंडाळताना प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्यावर यावा. सैल राहिली तर ती दहा पावलांत घसरते, फार आवळली तर पोटरीला मुंग्या येतात. मुलांना एकमेकांच्या पायावर बांधायला लावावे. त्यासाठी लोकर नसली तर जुन्या घोंगडीच्या १० सेंटिमीटर रुंद पट्ट्या चालतात. सुती कापड घसरते.

दुसरी जागा वजनाची, आणि चारींत हीच सर्वांत मोलाची. शॉर्ट मॅगझिन ली-एन्फिल्ड रायफलचे वजन जवळपास ४ किलो आणि लांबी सुमारे ११३ सेंटिमीटर. खरी रायफल पेटीतच राहू द्यावी. सुताराकडून बाभळीची प्रतिकृती करून घ्यावी आणि दस्त्यात लोखंडी कांब घालून वजन जुळवावे. हलकी प्रतिकृती ठेवण्यापेक्षा न ठेवलेली बरी, कारण लोक हाताने शिकतात आणि हाताला खोटे सांगितलेले पुसले जात नाही. या रायफलची (.३०३ इंची) शंभर काडतुसे साधारण अडीच किलो भरतात. तेवढ्या वजनाची गव्हाची पुरचुंडी खाकी पट्ट्यात शिवावी. ब्रिटिश पायदळाच्या शिपायाचे पूर्ण ओझे २५-२७ किलोंपर्यंत जाई. मोठ्यांना हवे तर १५ किलोंची पिशवी द्यावी, मुलांना ५ किलोंपेक्षा जास्त नको. संगिनीचे पाते ४३ सेंटिमीटरचे असे. तिची धातूची प्रतिकृती करू नये, प्लायवूडमध्ये कापून भिंतीवर लावावी.

तिसरी जागा शिध्याची: आटा, डाळ, तूप, गूळ, मीठ. कुतमध्ये अन्न संपत आले तेव्हा घोडे मारले गेले, पण बहुतेक हिंदी शिपायांनी घोड्याचे मांस खायला बराच काळ नकार दिला, आणि ताज्या भाजीपाल्याअभावी त्यांच्यात स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग, पसरला. हिरड्या का सुजतात, जुन्या जखमा पुन्हा का उघडतात, हे इथे समजावून सांगावे. शेजारी लिंबू आणि आवळा ठेवला की मुद्दा पोचतो. चूल पेटवायची असेल तर ती मंडपापासून दूर असावी आणि शेजारी वाळूच्या दोन बादल्या असाव्यात.

चौथी जागा पत्राची. बहुतेक शिपायांना लिहिता येत नसे. पलटणीतला एखादा लिहिणारा सांगेल तसे उतरवून घेई, आणि पत्र सेन्सॉरच्या हाताखालून जाई. ते ठाऊक असल्याने फ्रान्सहून गेलेल्या काही पत्रांत हिंदी शिपायांसाठी ‘काळी मिरी’ आणि गोऱ्यांसाठी ‘लाल मिरची’ असे सांकेतिक शब्द येतात. इथे एका मुलाने सांगायचे, दुसऱ्याने लिहायचे, तिसऱ्याने सेन्सॉर होऊन काळ्या पेनाने ओळी खोडायच्या. उरलेले पत्र मोठ्याने वाचले की मंडपात आपोआप शांतता पसरते.

सादर करणाऱ्याने ‘मी शिपाई आहे’ असे बोलू नये. ‘शिपाई असे करीत असे’ असे बोलावे. पहिल्या पद्धतीत प्रश्न आला की एक तर सोंग मोडते किंवा माणूस ठोकून देतो. पोशाख सुती खाकीचा असावा. पॉलिस्टरची चमक लांबून कळते. मनगटी घड्याळ आणि स्पोर्ट्स शूज काढायला लावावेत. खिळ्यांचे जुने बूट शहाबादी फरशीवर घसरतात आणि फरशी ओरखडतात, म्हणून ते घातलेल्याला मातीवरच उभे करावे. आजच्या सैन्याचा गणवेश किंवा पदके कोणाही नागरिकाच्या अंगावर चढवू नयेत. तो कायद्याचा प्रश्न आहे, आणि आदराचाही.

शिवकाळाचे प्रात्यक्षिक जोडायचे असल्यास तोड्याच्या बंदुकीची कृती कोरडी करून दाखवावी: दारू, गोळी, ठासायचा गज, बंदुकीच्या कानात (नळीच्या बाजूच्या छिद्रात) रंजक म्हणजे पेटवायची बारीक दारू, मग जामगी म्हणजे जळती वात. दारू किंवा रंजक एक चिमूटही वापरू नये. दांडपट्टा फिरवणारा आणि प्रेक्षक यांच्यात दोरी बांधून किमान ५ मीटर अंतर ठेवावे, पात्याची धार बोथट केलेली असावी, आणि पोलिसांची लेखी परवानगी फाइलमध्ये असावी.

घरातल्या वस्तूंचे टेबल

दाराजवळ एक टेबल, दोन माणसे, एक नोंदवही. लोक पदके, डिस्चार्जचे कागद, फोटो घेऊन येतात. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश वॉर मेडलच्या आणि व्हिक्टरी मेडलच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण उमटवलेली असते. भिंगाने वाचून ती अक्षरशः उतरवून घ्यावी, दुरुस्त करून नव्हे. पदक चिंच, लिंबू, राख किंवा कोणत्याही पावडरीने घासू नका असे प्रत्येकाला सांगावे. घासून घासून कडेवरचे नाव जाते, आणि नाव गेलेले पदक म्हणजे नुसते धातूचे नाणे. कागद लॅमिनेट करू नयेत. ते परत सोडवता येत नाही.

वस्तू त्या दिवशी ठेवून घेऊ नये. सावलीत, फ्लॅशशिवाय, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढावा आणि वस्तू लगेच परत द्यावी. कोणी आग्रहाने ठेवलीच तर दोन प्रतींत पावती करावी. शंभर वर्षांवरील वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते, तेव्हा देणगी म्हणून घेण्याआधी पुरातत्त्व विभागाशी बोलून घ्यावे.

दुसऱ्या दिवशी

हाताळलेले पोलाद नायट्राइल मोजे घालून पुसावे. घामातले मीठ आठवड्यात बोटांच्या ठशासारखा गंज उठवते. त्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात द्यावा. खोबरेल लावू नये, ते चिकट होऊन धूळ धरते. कापडी वस्तू पेटीत ठेवताना सिलिका जेलच्या पुड्या बदलाव्यात आणि वरचा दिवा मंद, ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजण्याचे एकक) आसपास ठेवावा.

मग नोंदवही उघडावी. टेबलावर आलेली नावे कमिशनच्या यादीशी ताडून पाहावीत. जे नाव जुळले त्याच्या घरी पोस्टकार्ड टाकावे: शिपायाचा नंबर, पलटण, मृत्यूची तारीख, कबर किंवा स्मारक कुठे आहे ते. गावच्या ग्रामपंचायतीलाही एक प्रत पाठवावी, म्हणजे पाटीशेजारी नावांचा फलक लावायचा झाला तर त्यांच्याकडे खात्रीची यादी असेल.