सेकंडहँड गाडीचा गिअरबॉक्स ‘गेला’ म्हणण्याआधी या चुका टाळा

सेकंडहँड गाडी दारात आली की पहिले काही दिवस मालकाचे कान तिच्या प्रत्येक आवाजाकडे लागलेले असतात. ते चांगलंच आहे. घोळ होतो तो पुढे. दुसरा गिअर टाकताना ‘खर्र’ होतं, ओळखीतलं कोणीतरी म्हणतं, "भाऊ, गिअरबॉक्स गेला," आणि गाडी थेट रॅम्पवर चढते. गिअरबॉक्स उतरवणं हे मोठं आणि महागडं काम आहे. शिवाय एकदा तो उघडला की मूळ तक्रार कशामुळे होती, ते शोधायची सोयही जाते. गिअरबॉक्सच्या नावावर खपणाऱ्या पुष्कळ तक्रारींचं मूळ त्याच्या बाहेर असतं: क्लचमध्ये, इंजिनच्या माउंटिंगमध्ये (इंजिन धरून ठेवणाऱ्या रबरी आधारांत), अ‍ॅक्सलमध्ये, कधीकधी बॅटरीत.

मेकॅनिकला फक्त "आवाज येतो" सांगणं

त्याला खरं उपयोगी पडतं ते ‘कधी’. गाडी थंड असताना की तापल्यावर? कोणत्या गिअरला? क्लच दाबल्यावर की सोडल्यावर? अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर की पाय काढल्यावर? हे कागदावर लिहून न्या. नागपुरात थंड आणि गरम गाडीतला फरक मोठा असतो. जानेवारीच्या पहाटे तेल घट्ट असतं, म्हणून दुसरा गिअर पहिले काही मिनिटं जड जाणं हे एकट्याने दोषाचं लक्षण नव्हे. उलट नवतपात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत), भर दुपारी सीताबर्डीच्या गर्दीत अर्धा तास अडकल्यावर जी ऑटोमॅटिक गाडी ‘डी’ (ड्राइव्ह) टाकल्यावर उशीर लावते, तिची तक्रार सकाळच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये दिसणारच नाही. म्हणून दोन्ही वेळा चालवून बघा.

क्लच आणि गिअरबॉक्स एकच समजणं

सर्वात जास्त पैसे इथे वाया जातात, म्हणून मॅन्युअल गाडीची तपासणी जरा सविस्तर.

इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. बंद गाडीत ते सहज पडत असतील आणि चालू इंजिनावर अडत असतील, तर बहुतेक वेळा क्लच पूर्ण सुटत नाहीये. क्लचचं ऑइल कमी झालं असेल, सिलिंडर गळत असेल किंवा केबल ताणली गेली असेल. यासाठी गिअरबॉक्स उघडून हाती काहीच लागत नाही.

क्लच पूर्ण दाबूनही एखाद्याच गिअरला, बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्याला, खर्र होत असेल तर सिंक्रो रिंग (गिअर पडण्याआधी वेग जुळवणारी कडी) झिजल्याचा संशय घ्यावा. खात्री करायला गिअर बदलताना मध्ये न्यूट्रलला क्लच सोडून पुन्हा दाबा. वरच्या गिअरमधून खालच्या गिअरला येताना तिथेच थोडी रेसही द्या. असं केल्यावर गिअर मऊ पडला तर संशय बळावतो, आणि हा दोष मात्र खरोखर आतला आहे.

गाडी न्यूट्रलला, इंजिन चालू. पाय क्लचवरून काढला की घरघर येते आणि दाबला की थांबते, तर नजर इनपुट शाफ्टच्या (इंजिनची ताकद गिअरबॉक्समध्ये आणणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगकडे जाते. दाबल्यावरच आवाज येत असेल तर रिलीज बेअरिंग, म्हणजे क्लच सोडवणारं बेअरिंग. रिलीज बेअरिंगसाठीही गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो, पण तो उघडावा लागत नाही. गॅरेजचं बिल समजून घेताना हा फरक लक्षात असू द्या.

क्लच घसरतो का, हे बघायला मोकळा रस्ता किंवा सेमिनरी हिल्सचा चढ पुरेसा आहे. वरच्या गिअरला साधारण ४० च्या वेगाने जाताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा उसळला आणि गाडी त्या मानाने पुढे सरकली नाही, तर क्लच प्लेट संपत आली आहे. ही चाचणी पुन्हा पुन्हा करू नका, प्लेट तापते.

रिव्हर्स टाकताना कधीमधी होणारी खर्र मात्र वेगळी. अनेक गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो. गाडी पूर्ण थांबू द्या, क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबा आणि मग टाका.

सिमेंट रोडच्या गुणगुणीला घाबरणं

आपल्या शहरात सिमेंट रोड भरपूर आहेत, आणि त्यांवर टायरचा आवाज डांबरी रस्त्यापेक्षा जास्त येतो. रस्ता बदलताच आवाज बदलला तर तो टायरचा. आवाज वेगाबरोबर वाढतो, वळणावर कमी-जास्त होतो, पण गिअर बदलून काही फरक पडत नाही, तर व्हील बेअरिंग बघा. पूर्ण स्टिअरिंग वळवून निघताना टकटक होत असेल तर अ‍ॅक्सलचा बाहेरचा जॉइंट. ठरावीक गिअरमध्येच येणारी गुणगुण मात्र गिअरबॉक्सकडे बोट दाखवते. थांबून निघताना एकच ‘धप्प’ येत असेल, तर पैसे सर्वप्रथम माउंटिंग तपासण्यावर खर्च करा.

सगळ्या ऑटोमॅटिक गाड्या एकाच मापाने मोजणं

भारतात २०१४ मध्ये मारुती सेलेरियोबरोबर एएमटी आली आणि ‘ऑटोमॅटिक’ स्वस्त झाली. एएमटी म्हणजे आतून मॅन्युअल गिअरबॉक्सच. क्लच आणि गिअर फक्त यंत्र हलवतं. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना थोडं पुढे झुकल्यासारखं होणं हा तिचा स्वभाव आहे. टॉर्क कन्व्हर्टरच्या (तेलातून ताकद पोचवणाऱ्या ऑटोमॅटिक) गाडीत तेवढाच धक्का बसला तर ती तक्रार समजावी. सीव्हीटीमध्ये (पट्टा आणि पुलीवर चालणाऱ्या, ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकमध्ये) आरपीएम आधी वर जातो आणि वेग मागून येतो, तेही नेहमीचंच. पण निघताना थरथर झाली तर दुर्लक्ष करू नका. एएमटीची क्लच प्लेट बदलल्यावर स्कॅनर (गाडीच्या संगणकाशी जोडायचं यंत्र) लावून नव्या क्लचचं कॅलिब्रेशन करावं लागतं. ते राहून गेलं की नवी प्लेट घालूनही धक्के बसतात, आणि दोष पुन्हा गिअरबॉक्सच्या माथी येतो.

बॅटरी न मोजता स्कॅनरवर विसंबणं

उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या शहरात बॅटरी लवकर थकते. व्होल्टेज पडलं की गिअरबॉक्सचा कंट्रोल युनिट (त्याचा छोटा संगणक) वेड्यासारखे बिघाडाचे कोड टाकतो. म्हणून आधी मल्टिमीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत.

स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर बहुतेक वेळा इंजिनचेच कोड वाचतो. पी०७०० हा कोड दिसला तर अर्थ एवढाच, की गिअरबॉक्सच्या युनिटमध्ये काहीतरी नोंद आहे. नेमकं काय ते बघायला त्या कंपनीचा किंवा चांगल्या गॅरेजमधला स्कॅनर लागतो. कोड पुसण्याआधी त्यांचा फोटो काढा, त्या क्षणीचा वेग आणि तापमान ज्यात असतं तो फ्रीझ फ्रेमही जपून ठेवा. इंजिनच्या रेडिनेस चाचण्या (गाडी स्वतःच करते त्या तपासण्या) अपूर्ण दिसत असतील, तर विक्रीआधी कोणीतरी कोड पुसले असण्याची किंवा बॅटरी काढली असण्याची शक्यता आहे. विकणाऱ्याला त्याबद्दल स्पष्ट विचारा.

आणि इंजिनचं मिसफायर, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं, विसरू नका. झिजलेला स्पार्क प्लग किंवा कमजोर कॉइल चढावर अशी थरथर देतात की ती गिअर घसरल्यासारखी वाटते.

तेल न बघता बदलून टाकणं

जुनं तेल पुष्कळ काही सांगतं, म्हणून ते काढताना समोर उभे राहा. जळका वास, काळा रंग, ड्रेन प्लगच्या चुंबकावर धातूचे कण. बारीक राखाडी पेस्ट चालते, टोचणारे तुकडे चालत नाहीत. तेल दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत गाड्या बुडाल्या. पाणी गिअरबॉक्सच्या ब्रीदरमधूनही (हवा जाण्याच्या छिद्रातूनही) आत शिरतं. तुमच्या गाडीचा त्या काळातला पत्ता आणि सर्व्हिस रेकॉर्ड जरूर बघा. सीटखालचा गंज, सीट बेल्ट पूर्ण ओढल्यावर दिसणारी चिखलाची रेष याही खुणा तपासा.

नवं तेल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच. सीव्हीटीत साधं एटीएफ (इतर ऑटोमॅटिकचं तेल) घालणं म्हणजे बिघाड विकत घेणं आहे. जीएल-४ दर्जाचं तेल सांगितलेल्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये जीएल-५ घातलं, तर पितळी सिंक्रोंना इजा होऊ शकते. ऑटोमॅटिकमधली पातळी तर ठरलेल्या तापमानालाच मोजायची असते, अंदाजाने नव्हे.

वॉरंटीचा कागद न वाचता गिअरबॉक्स बाहेर उघडणं

डीलरकडून घेतली असेल तर वॉरंटीत इंजिन आणि गिअरबॉक्स असतो, पण क्लच प्लेट झिजणारा भाग म्हणून वगळलेली असते, असं अनेकदा दिसतं. बाहेरच्या गॅरेजमध्ये गिअरबॉक्स उघडला गेला की दावा नाकारायला आयतं कारण मिळतं. म्हणून आधी डीलरला लेखी कळवा: तारीख, किलोमीटर, लक्षणं, आणि आवाजाचा व्हिडिओ. आरपीएमचा काटा आणि किलोमीटर दोन्ही दिसतील असा व्हिडिओ घ्या.