बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सला आहात? सेमिस्टर हातातून जाण्याआधी या चुका टाळा

मागच्या प्रॅक्टिकल परीक्षेत एका मुलाचं जर्नल बघत होते. अक्षर सुरेख, प्रोग्रॅम सगळे पूर्ण, प्रत्येक पानावर सही. फक्त आउटपुटच्या प्रिंटमध्ये वरच्या ओळीला फोल्डरचा पत्ता छापून आला होता आणि त्यात नाव होतं त्याच्या मित्राचं. सिन्नरहून रोज एसटीने येणारा, वर्गात लक्ष देणारा मुलगा. तो प्रोग्रॅम त्याला सहज जमला असता. "मॅडम, थिअरी राहिली होती, म्हणून जर्नल आयतं घेतलं," एवढंच म्हणाला. नाशिकमध्ये आयटी शिकवताना मला सगळ्यात जास्त याचंच वाईट वाटतं. मुलं राबतात, पण गुण कुठून येतात हे बघायचं राहून जातं.

म्हणून अभ्यासक्रमाच्या पीडीएफमधलं क्रेडिटच्या तक्त्याचं पान आधी वाचा. क्रेडिट म्हणजे निकालात त्या विषयाचं वजन. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. म्हणजे दोन क्रेडिटच्या प्रॅक्टिकलसाठी तुम्ही ६० तास लॅबमध्ये बसणं धरलेलं आहे. ते एका रात्रीत उतरवून काढायची गोष्ट नाही.

आता हिशोब करून बघू. सेमिस्टर २२ क्रेडिटचं धरा. चार क्रेडिटच्या पेपरात 'बी'वरून 'बी प्लस'वर गेलात, म्हणजे ग्रेडचे अंक ६ वरून ७ झाले, तर गुणिले चार क्रेडिट असे ४ अंक वाढतात. २२ ने भागले की एसजीपीए, म्हणजे त्या सेमिस्टरची ग्रेडची सरासरी, ०.१८ ने चढतो. दोन क्रेडिटच्या प्रॅक्टिकलमध्ये 'बी'वरून 'ए प्लस', म्हणजे ६ वरून ९ झालं, तर ६ अंक वाढतात आणि एसजीपीए ०.२७ ने चढतो. नियमित लॅब करणाऱ्याला ही तीन पायऱ्यांची उडी अवघड नसते. चौथं वर्ष संशोधनासह ऑनर्सचं करायचं असेल, तर पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के लागतात. त्याची तयारी पहिल्या सेमिस्टरच्या जर्नलपासूनच सुरू होते.

पॅटर्नची, म्हणजे अभ्यासक्रमाच्या आवृत्तीची चूक छोटी वाटते, पण वर्ष खाते. पुणे विद्यापीठाचा २०१९ चा पॅटर्न वेगळा, २०२४ चा वेगळा. सीनियरकडून आलेल्या नोट्स आणि झेरॉक्सवाल्याकडचे प्रश्नसंच बहुतेक वेळा जुन्याचे असतात. बॅकलॉगचा, म्हणजे राहिलेल्या विषयाचा फॉर्म भरताना विषयाच्या नावावर जाऊ नका, विषयाचा कोड जुळवा.

सी किंवा जावाच्या लेखी पेपरला मुलं अडकतात ती वेगळ्याच कारणाने. वर्षभर एडिटर कंस आपोआप बंद करून देतो, चूक झाली की लाल रेघ दाखवतो. कागदावर यातलं काही नसतं. मग सीमध्ये माहिती वाचून घेणाऱ्या स्कॅनएफमधला ॲम्परसँड, म्हणजे & हे चिन्ह, सुटतो. पाच घरांच्या ॲरेवरचं लूप शून्यापासून पाचपर्यंत चालवलं जातं आणि शेवटी ॲरेबाहेर पडतं, कारण घरं शून्य ते चार एवढीच असतात. उपाय साधा आहे. आठवड्याला दोन प्रोग्रॅम वहीत लिहा आणि शेजारी लूपच्या प्रत्येक फेरीला व्हेरिएबलची किंमत मांडा. मगच मशीनवर चालवा.

प्रोजेक्टबद्दल मात्र मला जरा सविस्तर सांगायचं आहे. लायब्ररी मॅनेजमेंट, हॉस्पिटल मॅनेजमेंट, तेच विषय दरवर्षी. कुणी तयार विकत घेतं, हल्ली कुणी चॅटजीपीटीकडून अख्खा कोड आणतं. कोड चालतो, पण व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, "हीच प्रायमरी की (प्रत्येक नोंद वेगळी ओळखणारा रकाना) का घेतली?" विचारलं की उत्तर येतं, "मॅडम, ते तसंच आलंय."

एका मुलीला मी विचारलं, घरी काय करतात? कांदा. लासलगावला विकतात. मग म्हटलं, त्याचाच डेटाबेस कर. तिने एकच टेबल केलं: शेतकरी, गाव, तालुका, तारीख, आवक, भाव. पन्नास नोंदी भरल्यावर तिच्याच लक्षात आलं की विंचूरपुढे एकदा 'निफाड' आहे आणि एकदा 'नीफाड', त्यामुळे तालुकावार बेरीज चुकतेय. गाव कळलं की तालुका ठरतोच, तर तो प्रत्येक नोंदीत कशाला? तिने गावांचं वेगळं टेबल काढलं. थर्ड नॉर्मल फॉर्मची, म्हणजे टेबलं नीट विभागण्याच्या नियमाची व्याख्या पाठ करून जे कळलं नव्हतं, ते तिला त्या एका वेलांटीने कळलं. व्हायवाला ती वीस मिनिटं बोलली, कागद न बघता.

तयार कोड घेतला असेल तर आजही वेळ गेलेली नाही. त्यातलं एक टेबल आणि एक फॉर्म स्वतः नव्याने लिहा, गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या वेबसाइटवर टाका, रोजचा बदल तिथे नोंदत जा. परीक्षकाला ती नोंद दाखवता येते.

शेवटची अडचण अंतर्गत गुणांची. चाचणी दिलेली असते, असाइनमेंट जमा केलेली असते आणि निकालात 'गैरहजर' लागतं. हे टाळायचं असेल तर जमा करण्याआधी प्रत्येक असाइनमेंटचा फोटो काढून ठेवा आणि गुण विद्यापीठाकडे जाण्याआधी यादीत आपल्या नावापुढे काय आहे ते बघून घ्या. तरीही चूक झालीच, तर आधी विषयाच्या शिक्षकांना भेटा आणि त्याच दिवशी परीक्षा विभागात लेखी अर्ज द्या. नुसतं तोंडी सांगून परत येऊ नका. अर्जाच्या दोन प्रती न्या, सीट नंबर आणि विषयाचा कोड लिहा, फोटो जोडा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊनच तिथून निघा.