खानापूरच्या रानात जाताय? या चुका टाळा

शनिवारी रात्री ठरवायचं, रविवारी नऊला बेळगाव सोडायचं, जांबोटीला थांबून नाश्ता करायचा आणि साडेअकराला रानात शिरायचं. तोवर गवा सावलीला जाऊन रवंथ करत बसलेला असतो, भेकर दाट झुडपात गडप होतं आणि पाखरांचा सकाळचा कल्ला थंडावलेला असतो. मग "काही नाही रे, नुसती झाडंच आहेत" म्हणत मंडळी परततात. रानात दिसण्यासारखं बहुतेक सगळं सकाळी सहा ते साडेआठच्या दरम्यान दिसतं. त्या वेळेला पोचायचं तर आदल्या रात्री खानापूर किंवा जांबोटीकडे मुक्काम करा. तेवढं जमत नसेल तर हलशीची देवळं बघा, छान दिवस जाईल. रान दुसऱ्या कुठल्या आठवड्याला ठेवा.

रविवारी जाऊन परवानगी मागणं

खानापूरच्या रानातलं भीमगड 2011 साली अभयारण्य झालं. क्षेत्र सुमारे 190 चौरस किलोमीटर. भीमगड किल्ला, बारापेडेच्या गुहा आणि तळेवाडी, गवाळी, कृष्णापूर यांसारखी गावं त्याच्या पोटात येतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणं हा गुन्हा आहे, मग पायवाट कितीही मळलेली असो. "गावात ओळखीचा माणूस आहे" ही पळवाट तर अजिबात वापरू नका. तुम्ही संध्याकाळी निघून जाता, वनखात्याच्या प्रश्नांना उत्तरं त्या माणसाला द्यावी लागतात.

परवानगी कामाच्या दिवशी काढायची, निदान आठवडाभर आधी. सगळ्यांची नावं, ओळखपत्रांच्या प्रती, गाडीचा नंबर आणि वाट कुठून कुठे हे एका कागदावर लिहून न्या. पावसाळ्यात वाटा बंद असतील तर बंदच. धबधब्याचा व्हिडिओ कुणी कालच टाकला होता, हे तिथे कुणी ऐकून घेत नाही. महाराष्ट्रातून येणाऱ्यांची वेगळी अडचण म्हणजे पाट्या कन्नडमध्ये असतात. निदान चार शब्द कान-डोळ्यांखालून घाला: 'अरण्य इलाखे' म्हणजे वनखातं, 'वलय अरण्याधिकारी' म्हणजे रेंज ऑफिसर, 'हळ्ळ' म्हणजे ओढा. आणि पाटीवर 'निषेधिसिदे' (मनाई आहे) असं लिहिलेलं असेल तर गाडी वळवा.

देगाव दोन आहेत

फोनमध्ये 'देगाव' टाकायचं आणि बाणाच्या मागे जायचं, ही चूक इतक्यांदा होते की हसूही येईनासं झालंय. एक देगाव खानापूर तालुक्यात, घनदाट रानात. महादयीचा उगम त्याच भागात. पुढे गोव्यात गेल्यावर हीच नदी मांडवी होते. दुसरं देगाव कित्तूरजवळ, शेतांच्या मधोमध. कदंबांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं कमलनारायणाचं देऊळ तिथलं. देऊळ बघायला निघालेले लोक रानातल्या कच्च्या रस्त्यावर गाडी घासून घेतात आणि नदीचा उगम शोधणारे कित्तूरच्या उसात उभे राहतात. नावाबरोबर तालुका टाकायचा, एवढाच उपाय.

फोनचा नकाशा घरीच उतरवून घ्या. हेमाडगा गावाच्या पुढे रेंजच्या भरवशावर राहू नका. नकाशात तुटक रेघ दिसली म्हणजे माणसाची वाट असेलच असंही नाही. ती जुनी लाकूडवाहतुकीची वाट असते, किंवा गव्यांची. गव्याची वाट सुरुवातीला रुंद, तुडवलेली आणि मोहात पाडणारी असते. दोन-तीनशे पावलांवर ती पाणवठ्याला जाते किंवा कारवीत विरते. वाटेवर कोयत्याने छाटलेली फांदी, झाडावर जुना घाव किंवा शेणी वाहणाऱ्यांच्या पायाखुणा दहा मिनिटांत दिसल्या नाहीत तर मागे फिरा. "अजून थोडं पुढं बघू" म्हणणाऱ्याला घोळक्याच्या शेवटी ठेवा.

सकाळचा ओढा संध्याकाळी तोच नसतो

दर पावसाळ्यातली गोष्ट तीच, फक्त माणसं बदलतात. सकाळी ओढा घोट्याइतका. सेल्फी काढत, एकमेकांवर पाणी उडवत सगळे पलीकडे. दीड-दोनला वर डोंगरावर सर कोसळते. खाली ऊन असतं, त्यामुळे कुणाच्या गावीही नसतं. चारला परत येतात तर ओढा कमरेइतका, गढूळ लाल, आणि घोंगाव असा की शेजारचा काय म्हणतो ते कळू नये. मग सभा भरते. एकजण म्हणतो दोर बांधू, दुसरा म्हणतो हात धरून साखळी करू, तिसऱ्याला सोमवारी ऑफिस असतं. हा तिसराच पहिल्यांदा पाण्यात उतरतो. तिसऱ्या पावलाला पाय दगडावरून सटकतो, बॅगेचा पट्टा कमरेला आवळलेला असतो आणि पाणी बॅगेसकट त्याला ओढतं. नशीब असेल तर खालच्या करंजाच्या मुळात अडकतो. बूट आणि फोन गेलेला असतो. आठ वाजता गावातली चार माणसं बांबू आणि बॅटऱ्या घेऊन येतात. खरी चीड पुढे आहे: तोवर पाणी आपसूक गुडघ्याखाली उतरलेलं असतं. तीन तास गप्प बसून भाकरी खाल्ली असती तर काहीच झालं नसतं.

यामागचं कारण साधं आहे. हा डोंगरमाथा पाणलोटाची सीमा आहे. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेला कृष्णेकडे जाते, आणि तिथून जवळच जन्मणारी महादयी पश्चिमेला समुद्राकडे. पश्चिमेचे ढग याच धारेवर रिकामे होतात. आमगावला 2010 साली 10 हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस मोजला गेला. ओढे आखूड आणि उतार तीव्र, म्हणून पाणी अर्ध्या तासात चढतं आणि पाऊस थांबला की दोन-तीन तासांत उतरतं. मुसळधार लागून राहिली तर मात्र दिवसभरही उतरत नाही. अशा दिवशी ओढा ओलांडून जायचंच नाही.

सवयी पुढच्याप्रमाणे ठेवा. सकाळी ओलांडताना पाण्याच्या कडेला एक काडी रोवा. परतताना ती दिसली नाही तर थांबा, पाण्याच्या नव्या काठावर दुसरी रोवा आणि दहा मिनिटांनी बघा: काडी बुडाली तर पाणी चढतंय, कोरडी उरली तर उतरतंय. पलीकडे असताना पाण्याचा रंग चहासारखा झाला, पाला-काटक्या वाहू लागल्या की सगळं सोडून ओलांडायच्या जागी परता. वाहतं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर उतरायचं नाही. त्याहून कमी असेल तरच, आणि तेही बॅगेचे पट्टे सैल करून, काठी वरच्या अंगाला टेकवून, एकेक पाऊल. खाली धबधबा किंवा खडकाळ घळ असेल तिथे घोटाभर पाण्यातही नको. साकव असला तरी आधी त्याची लाकडं पायाने चाचपा, आणि एका वेळी एकच माणूस.

गावात विचारतानाही चूक होते. "मामा, पलीकडं जायला येतंय काय?" असं विचारलं तर उत्तर 'येतंय की' असंच मिळणार, कारण मामा लहानपणापासून त्या दगडांवरून गेलेत. "वर पाऊस लागलाय काय?" असं विचारा.

गवा दिसला की फोन काढणं

गवा म्हशीसारखा शांत दिसतो म्हणून लोक जवळ जातात. मोठा नर हजार किलोच्या घरात भरू शकतो आणि उतारावर त्याच्या पुढे पळणं कुणालाही शक्य नाही. कळप सहसा स्वतःच बाजूला होतो. एकटा म्हातारा नर मात्र जागा सोडत नाही. तो आडवा उभा राहून अंग दाखवतो, तेव्हा फोटोसाठी पोझ देत नसतो, धमकावत असतो. फुरफुरला, मान खाली घातली किंवा खुरांनी माती उडवली तर तुम्ही आधीच फार जवळ आहात. पाठ न फिरवता तिरकं मागे सरका आणि जाड झाड मध्ये घ्या. निदान 50 मीटर अंतर राखा. रस्त्यावर आडवा आला तर हॉर्न नको, प्रखर लाइट नको, इंजिन चालू ठेवून थांबा. अस्वलाचं उलटं आहे: ते अचानक समोरासमोर आलं की घाबरून हल्ला करतं. म्हणून वारुळं, करवंदीच्या जाळ्या आणि वळणांवर बोलत चाला. पहाटे आणि तिन्हीसांजेला तर नक्कीच.

बाकीचं थोडक्यात

वॉटरप्रूफ बूट पावसाळ्यात घेऊ नका. वरून शिरलेलं पाणी आतच राहतं. गावकऱ्यांसारखे प्लास्टिकचे बूट, आत घट्ट विणीचे गुडघ्यापर्यंतचे मोजे.

जळू लागली तर तिच्या निमुळत्या टोकाखाली नख सरकवून ढकला. मीठ, तंबाखू, काडेपेटी ही सगळी हौस आहे. नंतर रक्त बराच वेळ वाहतं, घाबरू नका.

डिसेंबर ते मे हा गोचिडींचा काळ, आणि शेजारच्या सत्तरी-दोडामार्ग भागात गोचिडींमुळे होणारा माकडताप येऊन गेलेला आहे. वाळल्या पाल्यावर बसू नका, मेलेल्या माकडाजवळ जाऊ नका, घरी आल्यावर कपडे उकळत्या पाण्यात टाका. आठवड्याभरात ताप आला तर रानात गेलो होतो हे डॉक्टरला आधी सांगा.

बारापेडेच्या गुहांत जायला मनाई आहे. तिथल्या वटवाघळाची जात 1913 साली जगाला ठाऊक झाली, ती याच जागेमुळे. पुढे कित्येक दशकं तिचं दुसरं घर कुणाला माहीत नव्हतं. "फक्त एक टॉर्च मारून बघू" म्हणणाऱ्यांनी घरी बसावं.

हलशीच्या भूवराह-नरसिंह देवळात दोन गर्भगृहं समोरासमोर आहेत. एक बघून परतू नका. शिलालेखाची अक्षरं उठावीत म्हणून खडू, हळद किंवा तेल फासणं बंद करा. बॅटरी बाजूने, अगदी तिरकी धरा, अक्षर आपोआप वर येतं. देवराईत चपला बाहेर, आणि वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही. रान उरलंय ते याच धाकाने.

जेवण सांगायचं तर आदल्या दिवशी. दुपारी एकला दहा माणसांची भाकरी मागणं शोभत नाही.

परतायची वेळ एक ठरवा, दुपारी दोनच्या पुढची नको. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि दाट रानात त्याआधी पाऊण तास अंधारतं. बसने आलात तर सकाळी उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवा: शेवटची गाडी किती वाजता, आणि पाऊस लागला तर ती आतपर्यंत येते की फाट्यावरूनच फिरते.