चेनसॉच्या चेनला ऑईल मिळत नसेल तर दोष कसा शोधावा

ठाणे आणि नवी मुंबईतील अनेक सोसायट्यांमध्ये, बंगल्यांच्या आवारांत आणि येऊरच्या बाजूच्या वाड्यांमध्ये चेनसॉ वर्षभर कोपऱ्यात पडून असतो आणि पावसाळ्यात गुलमोहराची किंवा पर्जन्यवृक्षाची फांदी कोसळली की घाईघाईने बाहेर काढला जातो. इंजिन सुरू झाले म्हणजे यंत्र ठीक आहे, अशी समजूत येथेच नडते, कारण चेनला वंगण पुरवणारी व्यवस्था इंजिनपासून वेगळी असते आणि ती तुंबलेली असली तरी इंजिनाच्या आवाजात काहीही फरक पडत नाही. (पडलेली फांदी उचलणे वेगळे, उभे झाड तोडण्यासाठी किंवा छाटण्यासाठी १९७५ च्या झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाखाली महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आधी घ्यावी.)

ऑईल पोहोचत नसल्यास बार (चेन ज्याच्या कडेने फिरते ती लांब पोलादी पट्टी) हात लावता येणार नाही इतका तापतो, त्याच्या कडा निळसर पडतात, ताणून बसवलेली चेन थोड्याच वेळात सैल होते आणि ओले लाकूड कापतानाही धूर निघतो. मात्र धूर बोथट चेनमुळेही येतो. भुशात जाड ढलप्यांऐवजी पिठासारखी बारीक भुकटी पडत असेल, तर आधी चेनला धार लावावी.

खात्री करण्याची पद्धत सोपी आहे. ऑईलची टाकी भरावी, बारचे टोक फिकट रंगाच्या पुठ्ठ्यापासून सुमारे २० सेंटिमीटर दूर धरावे आणि मध्यम वेगाने यंत्र चालवावे. थोड्याच वेळात पुठ्ठ्यावर ऑईलची बारीक रेघ उमटली पाहिजे. अनेक मॉडेलमध्ये क्लचचा (इंजिनाची गती चेनपर्यंत पोहोचवणाऱ्या भागाचा) ड्रम फिरू लागल्यावरच ऑईलचा पंप चालतो, त्यामुळे इंजिन मंद गतीवर असताना ऑईल न येणे हा दोष नव्हे. दुसरी खूण टाकीत दिसते : पेट्रोलची एक टाकी संपेपर्यंत ऑईलची टाकीही बरीच रिकामी झालेली असावी. ती जवळपास भरलेलीच असेल, तर ऑईल कुठेतरी अडले आहे.

यापुढील प्रत्येक काम इंजिन बंद करून, प्लगची टोपी काढून आणि यंत्र थंड झाल्यावरच करावे. विजेवरील यंत्राची पिन बोर्डातून काढावी. हातमोजे घालावेतच.

सर्वप्रथम बाजूचे झाकण, चेन आणि बार काढावा, कारण माझ्या मते घरगुती वापरातील बहुतेक तक्रारींचे मूळ येथेच सापडते. पावसात भिजलेल्या लाकडाचा भुसा ऑईलमध्ये कालवला गेला की कणकेसारखा घट्ट चिकटतो, आणि नारळाचे खोड किंवा झावळ्या कापल्या असतील तर त्यांचे लांब तंतू बारच्या खाचेत अडकून बसतात. पातळ पट्टीने ही खाच टोकापासून शेवटपर्यंत खरवडून काढावी. मग बारच्या मागच्या टोकाजवळचे बारीक भोक शोधावे. ते दोन्ही कडांना असते आणि बार उलटून बसवला की दुसरे वापरात येते. दोन्ही भोके तारेने मोकळी करून उजेडासमोर धरावीत, आरपार प्रकाश दिसला पाहिजे. बार टेकतो त्या जागी यंत्राच्या अंगावरही ऑईल बाहेर येण्याचे छिद्र असते. ते ब्रशने साफ करावे, भुसा आत ढकलू नये. दुसऱ्या कंपनीचा बार बसवला असेल, तर त्याचे भोक या छिद्रासमोर येते का, हेही तपासावे. सारे पुन्हा जोडून पुठ्ठ्याची चाचणी करावी.

तरीही रेघ उमटली नाही, तर ऑईलकडे वळावे. आपल्याकडे थंडीने ऑईल घट्ट होण्याचा प्रश्न येत नाही, परंतु वनस्पतिजन्य ऑईल टाकीत महिनोन्‌महिने राहिले तर ते डिंकासारखे जमते. गाडीतून काढलेले जुने इंजिन ऑईल कधीही वापरू नये. त्यातील धातूचे कण पंप झिजवतात. ऑईलचे प्रमाण कमी-जास्त करणारा स्क्रू अनेक यंत्रांच्या खालच्या बाजूस असतो; तो अगदी कमीवर तर नाही ना, हे पाहावे. त्यानंतर टाकी रिकामी करून वाकवलेल्या तारेने आतील जाळी बाहेर काढावी, पेट्रोलने धुवावी आणि तिला जोडलेला रबरी पाइप चिरलेला किंवा कडक झालेला नाही याची खात्री करावी. काही वेळ चालल्यावर ऑईल थांबते आणि टाकीचे बूच उघडून लावले की पुन्हा येते, असे होत असेल तर टाकीत हवा घेणारे छिद्र तुंबलेले आहे.

हे सर्व ठीक असल्यास पंप किंवा त्याला फिरवणारा वर्म गिअर (स्क्रूसारखे आटे असलेले चक्र) उरतो. बऱ्याच मॉडेलमध्ये तो क्लचमागे असतो आणि प्लास्टिकचा असल्यास त्याचे दाते झिजतात. क्लचचे आटे सहसा उलटे असतात, म्हणजे तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सुटतो. जोर लावून उलट दिशेने फिरवल्यास तो अधिकच आवळला जातो. हे काम सवयीचे नसेल तर मेकॅनिककडे द्यावे. झिजलेला गिअर चिकटवून चालत नाही, नवाच घ्यावा, आणि दुकानात जाताना जुना भाग व मॉडेल क्रमांक सोबत न्यावा.

ठेवून दिलेल्या यंत्राखाली ऑईलचे चार थेंब दिसणे स्वाभाविक आहे, कारण बारमध्ये उरलेले ऑईल निथळते. थारोळे साचत असेल, तर मात्र टाकीतील पाइप आणि हवेचे छिद्र पुन्हा तपासावे.