पाच जणांनी तपासलेला मसुदा मंजुरीपर्यंत कसा न्यावा

संस्थेचा वीसेक पानांचा वार्षिक अहवाल गूगल डॉक्समध्ये लिहिला आहे आणि पाच जण तो तपासणार आहेत, असं धरू.

लिंक पाठवण्याआधी शेअरमध्ये तपासणाऱ्यांना 'कमेंटर' करा, 'एडिटर' नको. एडिटरने वाक्य बदललं की ते थेट बदलतं. कमेंटरने तेच केलं तर ती सूचना म्हणून वेगळ्या रंगात दिसते आणि जुना मजकूरही जागेवर राहतो. एडिटचा हक्क मसुदा सांभाळणाऱ्या एकाकडेच ठेवा. मग फाइल मेनूतल्या व्हर्जन हिस्टरीत जाऊन त्या दिवसाच्या प्रतीला नाव द्या.

कोणी काय तपासायचं तेही लिंकसोबतच कळवा: खजिनदारांनी आकडे, सचिवांनी ठराव आणि तारखा, अध्यक्षांनी मनोगत. सगळ्यांना सगळं वाचायला दिलं की सगळे पहिली चार पानं वाचतात. मुदत 'या आठवड्यात' अशी मोघम नको. वार आणि वेळ लिहा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो काढून पाठवलेली दुरुस्ती येणारच. ती सांगणाऱ्याच्या नावासह स्वतः कमेंटमध्ये उतरवा.

सूचना आल्या त्या क्रमाने घेऊ नका. आधी परिच्छेद राहणार की जाणार ते ठरवा, मग आकडे आणि नावं, शुद्धलेखन शेवटी. नाहीतर वगळायच्या परिच्छेदातले ऱ्हस्व-दीर्घ सुधारत बसाल. एकाच वाक्यावर दोघांचं दुमत असेल तर कोणाचीच सूचना स्वीकारू नका. त्या भागाचा निर्णय ज्यांच्याकडे आहे त्यांना कमेंटमध्ये @ लावून बोलवा आणि 'असाइन' करा. सूचना नाकारताना एका ओळीचं कारण लिहून मगच कमेंट 'रिझॉल्व्ह' (निकाली) करा. ती कमेंटच्या इतिहासात राहते आणि तोच मुद्दा बैठकीत पुन्हा निघाला तर दाखवता येते.

मराठीतली एक खोच: 'दुसऱ्या' मधला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो, एकदा नुक्त्याच्या (खाली टिंब असलेल्या) ऱ ने आणि एकदा साध्या र ला अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधताना एक सापडतो, दुसरा निसटतो. दोन प्रती ताडून पाहिल्या तर काहीच बदललेलं नसताना फरक दिसतो. जुन्या, युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या फॉन्टमधला मजकूर चिकटवला तर अक्षरांचा नुसता काला होतो. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

कमेंट संपल्या म्हणजे मंजुरी मिळाली असं नाही. फाइल मेनूतली 'अप्रूव्हल्स' ही सोय गूगलच्या संस्थांसाठीच्या 'वर्कस्पेस' सेवेतल्या ठरावीक खात्यांतच असते. तिथे सगळ्यांचा होकार लागतो, एकाचाही नकार आला की मंजुरी अडते. साध्या जीमेलवर अंतिम प्रतीला नाव द्या, तिचीच पीडीएफ सगळ्यांना पाठवा आणि 'अमुक तारखेची प्रत मंजूर' असं लेखी उत्तर मागवा. 'छान झालंय' ही मंजुरी नव्हे. त्यानंतर आकडा, नाव किंवा ठरावाचा शब्द बदलला तर त्या भागाच्या जबाबदार व्यक्तीची मंजुरी पुन्हा घ्या. वेलांटी सुधारली तर नुसतं कळवलं तरी चालतं.