ऊर्जा समितीपुढे साक्षीला जाताना: शेतकरी संघटनांसाठी तयारीची यादी

संसदेची ऊर्जाविषयक स्थायी समिती एखादं विधेयक किंवा विषय हाती घेते तेव्हा बऱ्याचदा लोकांकडून निवेदनं मागवते. तशी जाहिरात निघते, मुदत थोडकी असते, आणि आपल्याकडच्या बहुतेक संघटनांना पत्ता लागतो तो मुदत संपल्यावर. तेव्हा सगळ्यात आधी हे काम एका माणसाच्या नावावर टाका: दर आठवड्याला लोकसभेचं संकेतस्थळ उघडायचं, ऊर्जा समितीचं पान पाहायचं आणि काही दिसलं की त्याच दिवशी सगळ्यांना कळवायचं. निवेदन हिंदीत किंवा इंग्रजीत लागतं, बहुधा दोन प्रतींत. मराठीत लिहून मग भाषांतर करायला हरकत नाही, फक्त ते विजेतलं कळणाऱ्या माणसाकडून करून घ्या. कृषी वाहिनी (उपकेंद्रातून शेतीपंपांना वीज नेणारी लाइन), जोडभार (जोडणीवर मंजूर असलेला विजेचा भार), थकबाकी या शब्दांत गडबड झाली की मागणीच बदलते. आणि ‘समितीपुढे हजर राहून तोंडी साक्ष द्यायची आहे’ हे निवेदनात स्पष्ट लिहा. ते लिहिलं नाही तर बोलावणं येईल अशी आशा धरू नका. लिहिलं तरी बोलवायचं की नाही, हे समितीच ठरवते.

समोर कोण असणार, हेही बघून ठेवा. समिती ३१ जणांची, लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १०. मंत्री तिचा सदस्य होऊ शकत नाही. वीज मंत्रालय आणि नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय ही दोन्ही खाती तिच्याकडे आहेत. २०२४ च्या निवडणुकीनंतर समिती नव्याने नेमली तेव्हा अध्यक्षपद मावळचे खासदार श्रीरंग बारणे यांच्याकडे आलं. समितीची फेररचना होत राहते, म्हणून जाण्याआधी ताजी यादी काढा आणि आपल्या राज्यातले सदस्य कोण आहेत त्यावर खूण करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. खात्याच्या रोजच्या कारभारात शिरायचं नाही, असं या समित्यांना नियमानेच बांधलेलं आहे. ‘आमच्या गावची डीपी जळून महिना झाला’ हे शंभर टक्के खरं असलं तरी समिती त्यावर काही करू शकत नाही. महावितरण ही राज्याची कंपनी, दर ठरवतो राज्य वीज नियामक आयोग, आणि ही भांडणं लढायच्या जागा वेगळ्या आहेत. समितीपुढे टिकतं ते केंद्राच्या कायद्यातलं, केंद्राच्या धोरणातलं आणि केंद्राच्या पैशातलं. म्हणून आपलं दुःख केंद्राच्या कुठल्या योजनेला जाऊन भिडतं हे शोधा. माझ्या मते निम्मी तयारी हीच.

उदाहरण घेऊ. शेतीला काही दिवस रात्रीची वीज, म्हणून थंडीत, साप-बिबट्याच्या भीतीत पिकाला दारं धरायला जावं लागतं. हे तसंच सांगितलं तर सदस्य हळहळतील, आणि अहवालात त्याची एक ओळही येणार नाही. तेच असं मांडा: शेतीच्या वाहिन्या सौर करून, म्हणजे त्यांना सौरऊर्जेची वीज जोडून, दिवसा वीज द्यायची सोय केंद्राच्या पीएम-कुसुम योजनेत आहे, ही योजना २०१९ मध्ये सुरू झाली, आमच्या तालुक्यातल्या अमुक उपकेंद्रावरून निघणाऱ्या इतक्या कृषी वाहिन्यांपैकी इतक्याच सौर झाल्या, उरलेल्यांना रात्रीच पाळी असते, तेव्हा मंत्रालयाने राज्यवार व वाहिनीवार वेळापत्रक जाहीर करावं. अशा मांडणीतून समितीला शिफारस लिहिता येते. रात्रीच्या दारांची गोष्ट त्यानंतर दोन वाक्यांत सांगा. ती सांगायलाच हवी, कारण खोलीतल्या बऱ्याच जणांनी रात्री शेतात पाणी धरलेलं नसतं.

यातल्या प्रत्येक आकड्याला कागद लागतो. वाहिनी कधी चालू, कधी बंद याची नोंद उपकेंद्रात असते. ती माहितीच्या अधिकारात मागा आणि मागताना वाहिनीचं नाव व तारखा नेमक्या लिहा. ‘सर्व माहिती द्यावी’ असा अर्ज बहुधा परत येतो. उत्तराला तीस दिवस जाऊ शकतात, म्हणून हा अर्ज जाहिरातीची वाट न बघता आधीच टाकून ठेवा. सौरपंपासाठी पैसे भरलेल्या शेतकऱ्यांच्या पावत्यांच्या प्रती घ्या, पण त्यांची संमती घेऊन, आणि आधार व बँक खात्याचे आकडे झाकून.

खर्चाचा कागद वाचायला शिकणं ही दुसरी मोठी तयारी, आणि इथे आपण फार मागे आहोत. अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला मांडला जातो, मग अधिवेशनाला सुट्टी पडते आणि त्या काळात स्थायी समित्या आपापल्या मंत्रालयांच्या अनुदान मागण्या, म्हणजे वर्षाच्या खर्चासाठी संसदेकडे मागितलेले पैसे, तपासतात. १९९३ पासूनची ही पद्धत. सभागृहात बहुतेक मंत्रालयांच्या मागण्या चर्चेविनाच एकगठ्ठा मंजूर होतात, त्यामुळे वीज खात्याच्या पैशांची बारकाईने तपासणी व्हायची तर ती समितीतच. तिथे साक्ष मंत्रालयाच्या सचिवांची आणि अधिकाऱ्यांची होते, पण आपल्याला अध्यक्षांना पत्र लिहायला कोणी अडवलेलं नाही. पत्रात तीन आकडे शेजारी शेजारी ठेवा: त्या योजनेचा अर्थसंकल्पीय अंदाज (सुरुवातीला ठेवलेले पैसे), सुधारित अंदाज (वर्षात पुढे बदललेला आकडा) आणि प्रत्यक्ष खर्च. सुधारित आकडा मूळ आकड्यापेक्षा बराच खाली आला असेल तर प्रश्न तयार झाला: पैसे होते, मागणी होती, मग खर्च का झाला नाही?

वितरण क्षेत्र सुधारणेची योजना अशीच वाचा. २०२१ साली मंजूर झालेल्या या योजनेचा एकूण आकार ३,०३,७५८ कोटी रुपये, त्यात केंद्राचं अर्थसाह्य ९७,६३१ कोटी. गळती, म्हणजे वाटेत वाया जाणारी, चोरीला जाणारी आणि पैसे वसूल न होणारी वीज, १२ ते १५ टक्क्यांवर आणायची हे तिचं लिखित उद्दिष्ट. याच योजनेतून स्मार्ट मीटर बसतात, तेव्हा त्यांच्याबद्दलचा राग मांडण्यापेक्षा विचारा की मीटर बसवलेल्या भागात गळती किती उतरली आणि शेतीच्या वाहिन्या वेगळ्या करण्यावर किती खर्च झाला. नुसत्या रागावर अधिकारी ‘नोंद घेतली’ म्हणून सुटतो. असा प्रश्न सदस्याने उचलला की त्याला लेखी उत्तर द्यावं लागतं.

नेमणुकांबद्दल थोडक्यात. अमेरिकेत ऊर्जा नियामक आयोगाच्या सदस्यांची नावं सिनेटच्या समितीपुढे जातात, उमेदवाराला समोर बसवून प्रश्न विचारतात. आपल्याकडे तसं नाही. २००३ च्या वीज कायद्याने केंद्रीय आणि राज्य आयोगांच्या नेमणुका निवड समित्यांकडे दिल्या आहेत. मला हे अपुरं वाटतं, कारण दर ठरवणारा माणूस लोकप्रतिनिधींसमोर एकदा तरी बसायला हवा. पण साक्षीत ‘अमुक माणूस नको’ असं म्हणून काही साधणार नाही. आयोगात जागा रिकाम्या राहिल्याने सुनावण्या रखडतात का, एवढं पुराव्यासह विचारा.

प्रत्यक्ष दिवशी बोलायला दोघं पुरेत, एक आकडे सांभाळणारा, एक शेतावरचा. तिसऱ्याकडे फक्त फाइल. बोलणं हिंदीत किंवा इंग्रजीत होईल असं धरून घरी मोठ्याने सराव करा. मुख्य म्हणणं पाच मिनिटांत संपलं पाहिजे, कारण उरलेला वेळ प्रश्नांचा. ओळखपत्र मूळच न्या, पास आधी मागवून घ्या आणि बैठकीला वेळेआधी पोचा. आत गेल्यावर अध्यक्षांना किंचित वाकून नमस्कार करायचा, त्यांच्या समोरच्या ठरलेल्या जागी बसायचं. शपथ घ्यायला सांगितली तर घ्यायची. तंबाखू, सुपारी काहीही तोंडात नको, साक्षीदारांसाठीच्या सूचनांतच तसं आहे. विचारलं तेवढ्याचं उत्तर द्या. माहीत नसेल तर ‘लेखी पाठवतो’ म्हणा आणि खरंच पाठवा. जाणूनबुजून खोटं सांगणं किंवा माहिती दडवणं हा हक्कभंग, म्हणजे संसदेच्या विशेषाधिकाराचा भंग, ठरू शकतो, तेव्हा जोशात आकडा वाढवून सांगू नका.

समितीच्या बैठका बंद दाराआड होतात. बाहेर येऊन पत्रकारांना आत काय झालं ते सांगायचं नाही, व्हॉट्सअॅप गटावरही टाकायचं नाही. अहवाल सभागृहात येईपर्यंत धीर धरावा लागतो आणि हे गावातल्या लोकांनाही आधीच समजावून ठेवा, नाहीतर ‘दिल्लीला जाऊन गप्प का बसलात’ म्हणून विचारतील.

साक्षीची शब्दशः नोंद तपासायला तुमच्याकडे आली तर चुकलेला शब्द, चुकलेला आकडा एवढंच दुरुस्त करा. नवे मुद्दे त्यात घुसडता येत नाहीत. अहवाल आल्यावर सरकारने साधारण तीन महिन्यांत उत्तर द्यायचं असतं. शिफारस सरकारवर बंधनकारक नाही, पण उत्तर लेखी द्यावं लागतं. त्यानंतर समिती कार्यवाहीचा वेगळा अहवाल काढते. सरकारने मान्य केलेल्या शिफारशी, समितीने सोडून दिलेल्या, उत्तर न पटल्याने पुन्हा लावून धरलेल्या आणि अंतिम उत्तर यायच्या बाकी असलेल्या, अशी त्यात वेगवेगळी प्रकरणं असतात. आपली शिफारस कुठल्या प्रकरणात पडली ते पाहा. शेवटच्या दोन्हींपैकी एकात असेल तर ताज्या नोंदी जोडून अध्यक्षांना त्याच आठवड्यात पुन्हा पत्र टाका.