सुरुंगाआधी थरांचा हिशेब

सुरुंगाने जमिनीत किती ताण जातो हे मोजायला निघण्याआधी बोअरहोलचे (तपासणीसाठी पाडलेल्या खोल छिद्राचे) गाभे, म्हणजे त्यातून काढलेले खडक-मातीचे नळकांडी नमुने, पेटीत क्रमाने लावून घ्या आणि प्रत्येक थराची जाडी, घनता, तरंगवेग लिहून काढा. घनता गुणिले वेग म्हणजे त्या थराचा तरंगरोध. पुढचं बरंचसं गणित यावरच चालतं.

एक उदाहरण कागदावर सोडवून बघा. कातळाची घनता २७०० किलो प्रति घनमीटर, वेग ५००० मीटर प्रति सेकंद. वरच्या सुट्या मातीचे आकडे १७०० आणि ५००. तरंग खालून सरळ वर आला, तर मूळ ताणाच्या जेमतेम १२ टक्के ताण मातीत शिरतो, पण कणांचा वेग जवळपास १.९ पट होतो. ताण घटला म्हणून निर्धास्त राहिलात, तर वरच्या बांधकामाचे हादरे महागात पडतील. शिवाय दाबाचा तरंग ८८ टक्के जोराने मागे फिरतो, तोही ओढ बनून. कातळ दाब भरपूर सोसतो, ओढ त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकीच. त्यामुळे कातळ-मातीच्या सीमेखाली कातळाच्या खपल्या सुटू शकतात. स्फोट मातीत आणि कातळ खाली असेल, तर कातळाच्या माथ्यावरचा ताण १.९ पट धरा. खऱ्या जमिनीत भेगा असतात, तरंग तिरके येतात, म्हणून हे आकडे अंदाजापुरतेच.

फक्त अपवर्तन सर्वेक्षणावर, म्हणजे थरांवर वळून परत येणाऱ्या तरंगांच्या वेळेवरून थर ओळखण्याच्या पद्धतीवर, विसंबू नका. कठीण थराखाली दडलेला मऊ थर त्यात दिसतच नाही. शंका असेल तिथे बोअरहोलमध्येच वेग मोजा. पाण्याची पातळी त्याच दिवशी बघा, जुना अहवाल चालणार नाही: कोरड्या सुट्या मातीत सेकंदाला काही शे मीटर असलेला दाबतरंगाचा वेग संपृक्त (पाण्याने पूर्ण भरलेल्या) मातीत १५०० च्या आसपास जातो, म्हणजे वरचं सगळं गणित पुन्हा मांडायचं.

जिओफोन (जमिनीचे हादरे मोजणारे उपकरण) त्रिदिश, म्हणजे तिन्ही दिशांतले हादरे टिपणारे हवेत, आणि सीमेच्या दोन्ही बाजूंना. कातळावर प्लास्टरने घट्ट बसवा. मातीत पुरून भोवती ठोकून घ्या, नुसते टेकवलेत तर ते स्वतःच नाचतात. केबल, बॅटरी, ट्रिगर वगैरे नेहमीचंच.

चाचणीचा भार, म्हणजे स्फोटकाचं प्रमाण, लहान ठेवा. त्यातून अंतर आणि भार यांवरून हादरा सांगणाऱ्या सूत्राचे स्थिरांक काढाल, ते कातळाचे वेगळे आणि मातीचे वेगळे मांडा. एकाच रेषेत दोन्हींचे बिंदू बसवू नका.